आमचे दादा आजोबा झाले

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकताना माझ्या पाठीतून आवाज येतो. तो पत्रातून ऐकू जाणार नाही, म्हणून मुद्दाम कळवतो. आदर पूर्वीइतकाच आहे, फक्त त्याला आता वंगण लागतं.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं, तेव्हापासून तू गच्चीवरच्या कुंड्यांना दिवसातून दोनदा पाणी घालायला लागलीस असं आई सांगत होती. आत्तोबांचं ऐकायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? की ते बिघडलेलं असण्यातच त्यांना सुख आहे? असल्यास घाई करू नकोस. संसार टिकायची कारणं माणसाने फार खोदून काढू नयेत.

इकडे सगळं उत्तम आहे. नुसतं उत्तम नाही, आत्या, इकडे विजय झालेला आहे, आणि तो तुला सविस्तर कळवावा म्हणून हे पत्र. बाबांनी तुला फोन केलाच असणार. मला केला तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "अखेर तुमचं पितळ उघडं पडलं," आणि त्यांनी फोन ठेवून दिला. (फोनवर कमी बोलणं हा त्यांचा एकच गुण माझ्यात उतरला नाही.) वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा फोटो तूही पाहिला असशील. टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा एक म्हातारा, त्याच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ, आणि खाली आपल्या लाडक्या सदाबहार नटाचं नाव. बाबांना वाटतंय माझी नोकरी गेली. नोकरी गेली नाही. मला वेगळी खोली मिळाली आहे आणि तिला खिडकी आहे.

पण आधी आमचा धंदा काय ते नीट सांगतो, कारण आपल्या घरात तो कुणालाच कळलेला नाही. आमच्या कचेरीच्या दारावर 'जनसंपर्क' असं लिहिलंय आणि बाबा तिला थापांचा कारखाना म्हणतात. हे बरोबर नाही. थापा मारणारा माणूस एकदा थाप मारतो आणि पळून जातो. आम्हाला तीच थाप रोज सकाळी पुसूनझाडून जागेवर ठेवावी लागते. दादांचंच घे. (त्यांना सगळ्यांनी दादा म्हणायचं हा कचेरीचा पहिला नियम. एका नव्या मुलीने पहिल्या दिवशी चुकून काका म्हटलं, ती दुसऱ्या दिवशी दंतमंजनाच्या जाहिराती लिहायला गेली.) दादा चव्वेचाळीस वर्षांचे आहेत हे सगळ्या देशाला माहीत आहे. मी कामाला लागलो तेव्हाही ते चव्वेचाळीसच होते. तू मागे मला विचारलं होतंस, "मी कॉलेजात होते तेव्हा हा माझ्याहून मोठा होता, आता तुझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठा आहे, मधली वर्षं हा कुठे उभा होता?" मी तेव्हा विषय बदलून तुझ्या गुडघ्यावर आलो होतो. आता सांगतो. आमच्या कचेरीत उभा होता.

दादा रोज पहाटे टेकडी चढतात असं तू वाचलं असशील. दादा टेकडीवर मोटारीने जातात आणि शेवटच्या वळणापासून वर चालतात, तिथे आमचा फोटोवाला थांबलेला असतो. (मी मात्र अगदी खालपासून चालत जातो, कारण मोटारीत टोपाची पेटी असते आणि तिला आडवं ठेवलेलं चालत नाही.) टोप म्हणजे केसांचा. शिवाय पोट आत धरणारा पट्टा, टाचांचे बूट, भुवयांचा रंग. चष्मा मात्र नाही, काहीही झालं तरी नाही. त्यामुळे गेल्या समारंभात दादांनी एका खांबाला हसून हात केला आणि मंत्र्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही छापून आणलं की दादा सत्तेपुढे झुकत नाहीत. एकदा त्यांचा शाळेतला बाकमित्र कचेरीत आला, नोकरीतून निवृत्त झालेला, काठी टेकत. नेमके चार वार्ताहर बसले होते. मी क्षणभरात पुढे होऊन सांगितलं, "हे दादांचे गुरुजी." त्या गृहस्थाला ते इतकं आवडलं की त्याने सगळ्यांसमक्ष दादांचा कान धरला आणि अक्षर सुधार म्हणाला. दादांनी त्याच्या पाया पडून फोटो काढून घेतला. असं हे काम आहे, आत्या. प्रसंगावधान लागतं. बाबांना हे टपालखात्यात कधी लागलं नाही.

आता या सगळ्यात एक अडचण होती आणि तिचं वय चौतीस होतं. दादांना मुलगी आहे. लग्न पहिल्या सिनेमाच्या आधीच झालेलं. पण तेव्हाच्या निर्मात्याने सांगितलं की नायक अविवाहित असला तर तिकिटं जास्त खपतात, म्हणून ते बोललंच गेलं नाही. मुलगी लहान असतानाच बायको वारली. मुलगी मावशीकडे वाढली. दादा सुट्टीत तिला भेटायचे, खेळणी न्यायचे, पण शाळेच्या बक्षीस समारंभाला कधी गेले नाहीत. एकदा विमानतळावर ती बरोबर असताना वार्ताहरांनी गाठलं, तेव्हा कुणीतरी विचारलं ही कोण, आणि दादा म्हणाले, "आमच्या नात्यातली एक मुलगी." तिथून पुढे तीच ओळख कायम झाली. आमच्या कचेरीनेही तीच चालवली, कारण चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला चौतीस वर्षांची मुलगी म्हणजे त्याने दहाव्या वर्षी संसार थाटला असं होतं, आणि इतकं कर्तृत्व आम्हालाही छापून आणता आलं नसतं. त्या मुलीने मग हळूहळू फोन करायचंच सोडलं.

तर मागच्या महिन्यात दादा एका सकाळी न कळवता कचेरीत आले. टोप किंचित तिरका होता, त्यावरूनच मला कळलं की काहीतरी घडलंय. आमच्या बाईंसमोर (बाई म्हणजे कचेरीच्या प्रमुख, ज्यांच्या खोलीत शिरताना मी अजून बूट पुसतो) ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मला नात झाली."

बाईंनी आधी दार लावलं. मग अभिनंदन केलं. मग भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट दाखवलं. येत्या शुक्रवारी दादांचा सिनेमा लागायचा होता आणि त्यात दादा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. "सिनेमा उतरेपर्यंत तुम्हाला नात झालेली नाही," बाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. निर्मात्याचं सगळं त्या सिनेमात अडकलेलं, आमची कचेरी दादांवर उभी, आणि दादांच्या हातात पुढचं एकही काम नव्हतं. तिघांच्याही गळ्याशी आलेलं होतं.

दादांनी खिशातून फोन काढला आणि मुलीचा निरोप माझ्याकडे वाचायला दिला, कारण चष्मा नव्हता. मी मोठ्याने वाचला. 'आजोबा म्हणून येणार असाल तर या. नात्यातलं कुणीतरी म्हणून यायचं असेल तर येऊ नका.' मी दादांना सिनेमात चाळीसेक वेळा रडताना पाहिलंय (डोळ्यांत थेंब घालायची बाटली माझ्याच खिशात असते), पण त्या दिवशी ते रडले नाहीत. नुसते बुटांकडे बघत बसले, आणि ते मला जास्त लागलं.

मग त्यांनी बाईंना विचारलं की वेष पालटून गेलं तर? बाईंनी विचार केला आणि हो म्हणाल्या, एका अटीवर, की कुणीही ओळखता कामा नये आणि जबाबदारी माझी. (जबाबदारी या शब्दाशी आमच्या कचेरीत नेहमी माझंच नाव जोडलं जातं. ते जुळतं म्हणे.) आम्ही रंगभूषाकाराला बोलावलं. तो दाढ्या, मिशा, डाग, व्रण असं सगळं घेऊन आला. एक दाढी लावली, तर दादा दाढीवाले दादा दिसले. डोळ्यावर पट्टी बांधली, तर त्यांच्या चाचेगिरीच्या सिनेमातले दिसले. पगडी, फेटा, हॅट, सगळं झालं. जे काही लावावं त्यात ते आणखी देखणे दिसत आणि आणखी ओळखू येत. रंगभूषाकार टेकीला आला. तेव्हा मला जे सुचलं, ते आत्या, मी गेल्यावर माझ्या फोटोखाली लिहायला हरकत नाही. मी म्हणालो, "लावू नका. काढा."

टोप काढला. पट्टा सोडला तेव्हा दादांच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की पलीकडच्या खोलीतली टंकलेखिका बघायला आली. बूट काढून चपला घातल्या, भुवया धुतल्या, आणि शेवटी दादांनी कपाटाच्या खालच्या खणातून, कापडात गुंडाळलेला, आपला चष्मा काढून डोळ्यांवर ठेवला. समोर चौसष्ट वर्षांचे एक गृहस्थ उभे होते. चेहरा चांगला होता, थकलेला होता. बाई त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "आपण कोण?" आणि त्या विनोद करत नव्हत्या, कारण त्या विनोद करतच नाहीत.

इस्पितळ फार लांब नव्हतं, पण दादा म्हणाले चालत जाऊ. आत्या, तो रस्ता मी विसरणार नाही. इतकी वर्षं दादांबरोबर दहा पावलं टाकायची तर चार धटिंगण लागायचे. त्या दिवशी कुणी वळून बघितलं नाही. दादा दर दुकानाच्या पाट्या वाचत होते. "पलीकडच्या फुटपाथवरची माणसं दिसतायत रे," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. एका शाळकरी मुलीने त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. (ते ओलांडणार नव्हते. तरी गेले. मी मागोमाग गेलो, आणि मग दोघेही परत आलो.) चहाच्या टपरीवर बाकावरचा एक माणूस उठून म्हणाला, "बसा आजोबा." दादा बसले, बशीत ओतून चहा प्यायले आणि मला म्हणाले की इतके दिवस लोक मला बघायला उभे राहायचे, मला बसायला कुणी उठलं नव्हतं. मी ते टिपून ठेवायला पेन काढलं. ते म्हणाले, "हे छापू नकोस." मी पेन आत ठेवलं. माझ्या आजवरच्या नोकरीतलं ते सगळ्यात कठीण काम होतं.

इस्पितळाच्या फाटकासमोरच्या भिंतीवर दादांची तीन मजली जाहिरात होती, खांद्यावर कॉलेजची पिशवी, केस वाऱ्यावर. तिच्या बरोबर खाली पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. भेटायची वेळ संध्याकाळची, आता नाही. दादांनी सवयीने मान वर केली, ते प्रसिद्ध हसू हसले आणि म्हणाले, "ओळखलं नाहीस?" पहारेकऱ्याने डोळे बारीक करून नीट पाहिलं. "मागच्या महिन्यात हर्नियासाठी आला होतात, तेच ना?" मी घाईघाईने हो म्हटलं. त्याने आम्हाला आत सोडलं आणि वजन उचलू नका म्हणून बजावलं.

वरच्या मजल्यावर परिचारिकेचं टेबल. ती एका हाताने औषधं मोजत होती आणि दुसऱ्या हाताने आम्हाला थांबवत होती. फक्त जवळच्यांना सोडणार म्हणाली. "बाळाचे कोण तुम्ही?" माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं, किती वर्षांचा सराव, जीभ उचलली की 'नात्यातले' बाहेर पडायचंच होतं. पण दादांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मग ते काही बोलेनात. एवढा मोठा नट, पानं पानं संवाद एका दमात म्हणणारा, आणि त्यांना एक शब्द सापडेना. परिचारिका हातातल्या गोळ्या खाली ठेवून बघायला लागली. शेवटी ते म्हणाले, "आजोबा. आईकडचे."

"मग इतके दिवस कुठे होतात?" ती म्हणाली. "पोरगी रोज दाराकडे बघते." आणि तिने खोली दाखवली.

खोली दोन खाटांची होती, मध्ये हिरवा पडदा, पलीकडे कुणी दुसरी बाळंतीण. अलीकडे दादांची मुलगी. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं आणि तोंड फिरवलं, कारण मी म्हणजे कचेरी. मग तिने शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तिला कळेना. तिने वडिलांना बिनटोपाचं ती पाच वर्षांची असल्यापासून पाहिलंच नव्हतं. बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला. "केस कुठे गेले?" तिने विचारलं. दादा म्हणाले, "कचेरीत ठेवलेत." ती हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि दादा उभेच, काय करावं न कळून, कारण कुणी 'कट' म्हणत नव्हतं. मग तिनेच बाळ उचलून त्यांच्या हातात दिलं. बाळाने डोळे उघडले, आजोबांचं नाक मुठीत धरलं आणि सोडायचं नाव काढलं नाही. दादा नाकातल्या आवाजात म्हणाले, "मी फार उशीर केला." मुलगी म्हणाली, "आलात ना." एवढंच झालं. मी भिंतीकडे तोंड केलं. (भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. ते मला आता तोंडपाठ आहे.)

इथे नियतीने आपल्या पोतडीतून ती बातमीदार काढली. तिच्याबद्दल मी तुला आधी लिहिलं नव्हतं. ही एका मोठ्या दैनिकात काम करते आणि कित्येक वर्षं प्रत्येक पत्रकार परिषदेत हात वर करून एकच प्रश्न विचारते, "दादांचं जन्मसाल?" आणि दर वेळी मी पुढे होऊन चहा आलाय असं सांगतो. तर हिरव्या पडद्यापलीकडे खाटेवर तिची सख्खी बहीण होती. हसण्यारडण्याचा आवाज ऐकून ती पडद्याआडून डोकावली. दादांना तिने ओळखलंच नाही. ओळखलं मला, आणि जिथे मी असतो तिथे कोण असतं हे तिला माहीत होतं. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मी प्रसंगावधान राखून म्हणालो, "हे दादांचे वडील."

"तुम्हीच छापलेल्या माहितीप्रमाणे," ती म्हणाली, "दादांचे वडील दादा लहान असतानाच गेले."

"परत आले," मी म्हणालो. (आत्या, दर वेळी चांगलं सुचतंच असं नाही.)

दादांनी बाळाच्या मुठीतून नाक सोडवून घेतलं आणि म्हणाले, "अहो, मीच आहे तो." आणि न विचारता जन्मसाल सांगितलं, महिन्यासकट. बातमीदाराने वही काढलीच नाही. ती म्हणाली की मी इथे मावशी म्हणून आले आहे, बातमी काढायला नाही, तुम्ही म्हणत असाल तर मी काहीच पाहिलेलं नाही. आत्या, इतकी वर्षं मी ज्या बाईला आमची वैरीण समजत होतो तिने हातातोंडाशी आलेला घास खाली ठेवला. कचेरीचं सगळं वाचलं होतं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाले, "नाही. फोटो काढा. नीट काढा, नातीसकट. आणि खाली लिहा, ही माझी मुलगी, ही माझी नात." मुलीने विचारलं, "सिनेमाचं काय?" दादा म्हणाले, "सिनेमात मी पास होतो शेवटी. काळजी करू नकोस."

खोलीत उजेड कमी होता, खिडकी पडद्यापलीकडे होती. माझं कर्तव्य तो फोटो थांबवणं हे होतं. पगार त्याचाच होता. पण आत्या, अशा वेळी माणसाच्या आत काहीतरी जागं होतं. मी पडदा दूर केला. सगळा उजेड दादांच्या तोंडावर आणि बाळाच्या टॉवेलवर आला आणि तिने फोटो काढला. तो फोटो सगळा देश बघतोय. चेहरा दादांचा आहे, फोटो तिचा आहे, पण उजेड माझा आहे. हे बाबांना सांग.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहायला फार बरं वाटतं. सकाळी वर्तमानपत्र आलं तेव्हा बाईंनी मला बोलावून माझं सामान कोणत्या खोक्यात मावेल असं विचारलं. निर्माता येऊन सोफ्यावर आडवा झाला आणि पाणी मागू लागला. दुपारपर्यंत फोन वाजायला लागले. कुणी उचलेना, शेवटी मीच उचलला. एक म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले, "दादांना सांगा, टक्कल छान आहे. माझंही तसंच आहे." ठेवला तर दुसरा. एका बाईंनी विचारलं, बाळाचं वजन किती. एका मुलाने सांगितलं की त्याचे वडील तीन वर्षांनी त्याच्याशी बोलले, विषय दादा. संध्याकाळपर्यंत सगळी कचेरी फोनला बसली होती, बाईसुद्धा, आणि बाई वजन सांगत होत्या.

शुक्रवारी सिनेमा लागला. मी मागच्या रांगेत निर्मात्याचा हात धरून बसलो होतो (त्याने माझा धरला होता). पडद्यावर दादा कॉलेजची पिशवी खांद्याला लावून धावत आले आणि थिएटरात कुणीतरी ओरडलं, "सावकाश, आजोबा." सगळं थिएटर हसलं. निर्मात्याने डोळे मिटले. पण ते हसू टोचणारं नव्हतं, आत्या. घरातल्या म्हाताऱ्याने नातवाची टोपी घातली की आपण हसतो ना, तसं ते होतं. परीक्षेच्या प्रसंगाला लोक टाळ्या वाजवत होते, आणि दादा पास झाले तेव्हा माणसं उभी राहिली. दादांच्या सिनेमाला सहा वर्षांत पहिल्यांदा घरंच्या घरं आली, आजोबा पुढे, मुलं मागे. अजून उतरलेला नाही.

आता बाई एका परिसंवादात भाषण करून आल्या, त्यात त्यांनी सांगितलं की ही सत्याची मोहीम आम्ही वर्षभर आखत होतो. मला बढती मिळाली. धंदा इतका वाढलाय की विचारू नकोस. परवा एक तिशीतला नायक आला, त्याला कानशिलावर थोडे पांढरे करून हवेत. एका गायिकेला सुरकुत्या हव्या आहेत, पण डोळ्यांपाशी नको. एक जण तर विचारत होता की आजोबा भाड्याने मिळतील का. बाईंनी दादांसाठीही योजना आखली होती, दर आठवड्याला नातीबरोबर एक फोटो, आणि नात झोपलेली असेल त्या दिवशी तशाच रंगाचं दुसरं बाळ. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक फोटो दिला, तो माझा होता. पोरगी तिची आहे." आता ते रोज सकाळी मुलीकडे जातात. टेकडी सोडली, पण तिचा जिना मात्र खालपासून चढतात. पुढच्या सिनेमात त्यांना पोस्टमास्तरचं काम मिळालंय, चष्म्यासकट. मी त्यांना बाबांची ओळख करून देणार आहे, अभ्यासासाठी.

तर असा तुझा भाचा सध्या यशाच्या शिखरावर आहे आणि तिथून तुला हात करतो आहे. गुडघा जप, कुंड्या आत्तोबांवर सोपव, आणि घरात जे कुणी माझ्याबद्दल चांगलं बोलत असतील त्यांना माझा नमस्कार सांग. उरलेल्यांना हे पत्र वाचायला दे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण मधल्या आनंदात राहून गेलं. ती बातमीदार आणि मी लग्न करतोय. त्या दिवशी फोटो झाल्यावर मी तिला सवयीने म्हणालो, चहा आलाय, आणि या वेळी तो खरंच आणला. तिथून पुढे असं झालं. आईला मी फोनवर सांगितलं, ती खूश आहे. फक्त तिने मुलीचं वय विचारलं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, आणि मी सांगणारही तेच होतो. पण आत्या, इतक्या वर्षांचा हात बसलेला आहे. तोंडातून सव्वीस निघालं. आता ती म्हणते, घरी खरं वय कळल्याशिवाय ती उंबरठा ओलांडणार नाही, तिला चव्वेचाळिसाव्या वर्षीही सव्वीसच राहायची इच्छा नाही. आई बाबांचं ऐकते आणि बाबा जगात एकट्या तुझं ऐकतात. तेव्हा तू दोन दिवस जाऊन ये. जिने चढू नकोस, त्यांना खाली बोलव.

ता. क. २. हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी तिने वाचलं. बाकी सगळं मान्य आहे म्हणते, पडद्याचं तेवढं नाही. तिच्या मते मी पडदा दूर केला नाही. मी फोटोत येऊ नये म्हणून त्याच्यामागे लपत होतो, तो माझ्या वजनाने दांडीसकट खाली आला आणि म्हणून उजेड पडला. तिची बहीणही साक्षीला आहे, दांडी तिच्याच पायांवर पडली. तेव्हा तू असं कर. आईला वय खरं सांग. बाबांना मात्र पडद्याचं मी लिहिलंय तसंच सांग. आपल्या घराला एका वेळी एकच सत्य झेपतं.